मामंजींची दुनळी आणि माझी खोळ

धारहून लग्न होऊन देवासला आले तेव्हा घरात सासू नव्हती. पण सासूच्या वरताण एक वस्तू होती, मामंजींची दुनळी बंदूक.

मामंजी म्हणजे माझे सासरे, गोपाळराव. कारखान्यात टाइमकीपर होते, रिटायर झाले. त्यांचे वडील देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या शिकारखान्यात नोकरीला होते, त्यांच्याकडून ही बारा बोअर आलेली. मामंजींनी तिच्यातून जन्मात एक काडतूस झाडलं नाही. पण दर शनिवारी गजाला चिंधी गुंडाळून नळ्या पुसायच्या, तेल द्यायचं, लाकडी दस्ता चोळायचा. चिंधी मऊच लागे, माझ्या दोन चांगल्या साड्या त्यात गेल्या. इंदूरचे एक शौकीन दोनदा बंदूक विकत मागायला आले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "वडिलांनी डागाशिवाय दिली, डागाशिवाय पुढे जाईल," मामंजी एवढंच बोलले. खंडेनवमीला ती पूजेच्या पाटावर मांडली की म्हातारा असा काही खुलायचा, की मीसुद्धा गप्प बसायचे.

आणि त्या मेल्या निवडणुका! दर वेळी बंदूक ठाण्यात जमा करायची. अठ्ठ्याण्णव साली तर एका वर्षात दोनदा. दुसऱ्या खेपेला परत आली ती दस्त्यावर बोटभर ओरखडा घेऊन. मामंजी महिनाभर धड जेवले नाहीत. सकाळी ओरखडा, संध्याकाळी ओरखडा! माझं डोकं उठलं. शेवटी जुनी रजई फाडून मीच कापसाची जाडजूड खोळ शिवली आणि म्हटलं, "घ्या, आता हिला गादीवर झोपवा."

नव्व्याण्णवला परत निवडणूक, आणि तीही ऐन पावसाळ्यात जमा करायची. टेम्पोतून ठाण्यात पोचेपर्यंत खोळ भिजली. मामंजी जरा घुटमळले. "वाळेल हो," मी म्हटलं. ठाण्यातल्या कारकुनानं, मुन्शीनं, नंबर लावून तशीच आत ठेवली.

निकाल लागले, नवरात्र बसलं, बंदूक काही सुटेना. मामंजी रोज ठाण्यात. मुन्शी रोज म्हणे, "दादाजी, ऊपर से आदेश नहीं आया." आणि आमचे मामंजी हात जोडून, "कोई बात नहीं, भिया." कोई बात नहीं कशी? खंडेनवमी उद्यावर आली होती! शेवटी मीच सोबत गेले आणि त्या मुन्शीला असा झाडला, की हवालदार बाहेर येऊन बघायला लागला. आदेश दोन दिवसांपूर्वीच येऊन फायलीत पडला होता.

कोठडी उघडली. आत कोरडं खडखडीत. भिंतीला बाकीच्यांच्या बंदुका उघड्याच टेकवलेल्या, धुळीनं माखलेल्या, पण धडधाकट. आमची तेवढी खोळीत. मामंजींनी नाडी सोडली तशी कुबट वास आला. दोन्ही नळ्यांवर तांबडा गंज चढला होता आणि कापूस त्याला चिकटून बसला होता.

मला कळलं. मामंजींनी एकदा त्या उघड्या बंदुकांकडे पाहिलं, घाईघाईनं खोळ गुंडाळून काखेत मारली, आणि ज्या माणसानं कधी आवाज चढवला नाही, तो मुन्शीवर ओरडला, "छत टपकती है तुम्हारी!" मुन्शी वर बघत राहिला. छत कोरडं होतं.

घर येईस्तोवर ते त्या छताला शिव्या घालत होते आणि मी "हो ना, हो ना" म्हणत होते. स्वतःचीच इतकी चीड आली होती, की रडूही येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंजावरच कुंकू लावलं. पुढे कितीही घासलं तरी चट्टे राहिले.

दोन हजार तीनला पुन्हा निवडणूक आली. मामंजी बंदूक उघडीच घेऊन निघाले.

"खोळ?" मी विचारलं.

"उंदरांनी खाल्ली गं," म्हणाले आणि चपला घालू लागले.

धुऊन, नीट घडी घातलेली ती खोळ मी त्यांच्या ट्रंकेत कधीच पाहिली होती.