डोंगर मोजणारी

घाटकोपरच्या आमच्या डोंगरावर माती तपासायला पालिकेकडून आलेली ती पोरगी अशी तरातरा चढली, की बकऱ्यासुद्धा लाजल्या. हातातल्या टॅबवर उपग्रहाने टिपलेला वस्तीचा नकाशा. जिथे माती जास्त वाहून जाते तिथे लाल, कमी तिथे पिवळा. संरक्षक भिंत फक्त लाल भागाला मिळणार होती, आणि आमची गल्ली पिवळी!

ती मातीची चिमूट कानाशी धरून चोळायची, जणू माती चुगल्या सांगतेय. मी आपली बढाई मारली, "मॅडम, आमचं घर दरवर्षी वाढतं. लग्नात दाराला दोन पायऱ्या होत्या, आता सहा!"

"नव्या सगळ्या खालून जोडल्या?"

"मग काय आभाळातून?"

तिने वाकून, वीत लावून पायऱ्या मोजल्या. "काका, घर वाढलं नाही. दारापुढची माती वाहून डोंगर खाली गेलाय. उपग्रहाला हे दिसत नाही हो."

मी वाकून सहाही पायऱ्या पुन्हा मोजल्या. मग तिने शेजारच्या दारांच्याही पायऱ्या मोजल्या आणि गल्ली नकाशावर लाल केली.

"अगं बाई, लाल म्हणजे वाईट ना?" बायको घाबरली.

"वाईटच, काकू. पण आता भिंत मिळेल."

घरं धोक्यात आहेत असं सांगणाऱ्या त्या पोरीला आमच्या गल्लीने टाळ्या वाजवून निरोप दिला.