रानात नाव घ्यायचं न्हाय

शिकाऱ्यांचे किस्से म्हणजे डब्यातला सुका जवळा. मूठभर काढायला जावं तर एकाला एक चिकटून ओंजळभर येतो! माझ्याकडे तर ते न मागता साठले. गावातल्या शिकाऱ्यांची बैठक आमच्या पडवीत, आणि पडवी नि चूल यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण भिंतीला कान असतात म्हणतात ना, आमच्या भिंतीचे कान मीच!

आमचं गाव रेवदंड्याच्या मागे, डोंगराला लागून. भाताचं शेवटचं शेत संपलं की रान सुरू, आणि ते शेवटचं शेत आमचं. म्हणजे डुक्कर खाली उतरला की पहिलं ताट आमच्याकडे! पावसाळाभर शिकार बंद. सरकारचा हुकूम तसा, आणि गावदेवीचाही. दसऱ्याला बंदुका पुजायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पारध. त्या एका दिवसासाठी ही माणसं अख्खा पावसाळा झुरायची. बायको बाळंत कधी झाली ते विसरतील, पारधीचा दिवस विसरायची नाहीत.

* * *

बैठकीत मुख्य तिघं. एक माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची, गाव तात्या म्हणायचं. त्यांची ठासणीची बंदूक पडवीच्या खुंटीला. पाऊस कोसळत असला की ती काढायची, खोबरेल लावायचं, अंगणातल्या पपईवर नेम धरायचा आणि परत खुंटीला. दुसरे रेवदंड्याचे हसनभाय, सुक्या मासळीचे व्यापारी. त्यांची दोन नळ्यांची, लायसनची. तिसरा पांडू. पांडूकडे बंदूक नव्हती, घासलेटचा रिकामा डबा होता. हाक्यात तो बडवायचा आणि जनावर उठवायचं, एवढंच त्याचं काम. पण पडवीत बसला की सगळ्यांत जास्त डुकरं त्याचीच!

माझं नवं लग्न झालं होतं. देशात स्वराज्यही तसं नवंच. त्या पावसात पांडूच्या डुकराचे सुळे आषाढात बोटभर होते, ते गणपतीपर्यंत हातभर झाले. एका संध्याकाळी आमचे हे शेतातून आले, चिखलाचे पाय पागोळीखाली धरले आणि मामंजींना म्हणाले, "आबा, यंदा रानात जायचं कशाला? सगळी तर हितंच मेली!"

मामंजी पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी पुढं कधी पाहिलं नाही, म्हणून ते लक्षात आहे.

हे म्हणजे माझे मालक. त्यांचं नाव विचारू नका. ते होते तेव्हा घेतलं नाही, आता या वयात काय घेऊ!

* * *

हसनभाय डुकरावर बार टाकायचे ते आमची शेतं वाचावीत म्हणून. पडलेल्या डुकराकडे ढुंकून बघायचे नाहीत. "तुमचा माल, तुमी उचला," म्हणायचे आणि पाठ फिरवून बिडी पेटवायचे. त्यांचा जीव भेकरावर. पण भेकर पडलं तरी त्याचा जीव जायच्या आत हसनभायची सुरी गळ्यावर फिरायला हवी, नाहीतर खायचं नाही.

एकदा त्यांच्याच बारानं भेकर पडलं. हसनभाय सुरी काढून धावत सुटले. लुंगी काट्यात, एक चप्पल ओढ्यात, तोंडानं अल्लाचं नाव. जवळ पोचून वाकले, तेवढ्यात भेकर उठलं आणि टुणकन उडी मारून गेलं!

पांडू म्हणाला, "हसनभाय, तुमची सुरी बघून मेलेलं पन पळतंय!"

* * *

आता नेमाचं सांगते. रानात माणसाचं नाव घ्यायचं नाही, असा आमच्याकडे जुना नेम. नाव घेतलं की रान ते पाठ करतं, आणि मग कधीतरी त्याच आवाजात हाक मारून माणसाला आत नेतं, असं म्हणत. म्हणून हाक्यात कुणी कुणाला हाक मारायची नाही. नुसतं "हूऽऽ" करायचं, समोरच्यानं "हूऽऽ" करून जबाब द्यायचा. मामंजी या नेमाला फार कडक.

एका पारधीला पांडू खड्ड्यात पडला. पाय मुरगळला, डबा गडगडत लांब गेला, वर येता येईना. आत बसून दिवसभर "हूऽऽ, हूऽऽ" करत राहिला. लोकांना वाटलं, हुमण घुबड बोलतंय! संध्याकाळी माणसं मोजली तेव्हा कळलं की एक डबा कमी आहे. वर काढल्यावर हे त्याला म्हणाले, "अरे पांडू, आमचं नाव नको घेऊस, पन 'मेलो मेलो' तरी वरडायचंस!"

पांडू म्हणाला, "रानात मरनाचं पन नाव घेऊ ने!"

मामंजींनी त्याची पाठ थोपटली. म्हणाले, "नेम पाळावा तर असा!"

* * *

त्याच्या पुढचा दसरा. मला दिवस गेलेले. पारधीच्या सकाळी हे न्याहारीला बसले, तर अंगणात पांडू डबा वाजवत उभा. ह्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताट सारलं. मी म्हटलं, "अवो, खाऊन तरी जावा." तर म्हणाले, "आल्यावर मटणासंगं पोटभर जेवतो. तू मसाला वाटून ठेव."

पुढचं मला लोकांनी सांगितलं. रान हाकता हाकता ह्यांच्या पायात काटा मोडला, म्हणून हे करवंदीच्या जाळीत खाली बसले. समोर दगडाआड मामंजी. त्यांना जाळी हललेली दिसली. आत माणूस की जनावर, ते नाव घेऊन विचारायचं तर नेम मोडतो. त्यांनी "हूऽऽ" केलं. पांडूचा डबा दणादणा वाजत होता. त्या आवाजात मामंजींचं ह्यांना ऐकू गेलं नाही, की ह्यांचं मामंजींना, देव जाणे. जाळी परत हलली.

बाराचा आवाज घरी आला तेव्हा मी पाट्यावर मिरची वाटत होते. मनात म्हटलं, चला, पडला एकदाचा!

ह्यांना शिडीवर घालून आणलं. मामंजी शिडीच्या मागे मागे आले, उंबऱ्यापाशी थांबले आणि मला एवढंच म्हणाले, "सूनबाय, मी त्याला हाक न्हाय मारली."

* * *

अलिबागेहून फौजदार आले. पंचनामा झाला, सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. बंदूक पोलिसांनी नेली. मला मुलगा झाला, रांगायला लागला, आणि मग एक दिवस शिपाई बंदूक घेऊन दारात. "तात्या, तुमची चूक न्हाय ठरली. ही घ्या तुमची वस्तू."

मामंजी तिला हात लावीनात. शिपायाला म्हणाले, "जे परत पायजे ते कुनी देत न्हाय, आन् हे लोढनं तेवढं घरपोच!"

* * *

त्या वर्षीच्या दसऱ्याला मामंजींनी देवळात उभं राहून नेम बदलला. रानात शिरताना प्रत्येकानं आपलं नाव ओरडत जायचं. बंदुकीवाल्यानं आधी "कोण हाय, नाव सांग" असं विचारायचं, मगच बार. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, पण मामंजींपुढं बोलणार कोण?

मग काय, डोंगरात शाळा भरल्यासारखी हजेरी! पांडू तर स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं ओरडत निघाला. हसनभाय म्हणाले, "पांडू, घराची वाट पन सांग, म्हंजे डुक्कर जेवायलाच येल तुझ्याकडं!"

सगळे हसले. मामंजी तेवढे दगडाआड बसून जाळीकडे बघत होते.

* * *

एवढा आरडाओरडा होऊनही त्या दिवशी हसनभायच्या बारानं एक डुक्कर पडला. वाटे घालायचं काम पांडूचं. सागाच्या पानांवर सारखे वाटे मांडायचे आणि एकेकाचं नाव पुकारायचं. ज्याचं नाव त्यानं "हाय!" म्हणायचं आणि आपलं पान उचलायचं. बायकांनी तिथं कुंपणाच्या आत जायचं नसतं. मी विहिरीवरून येत होते, डोक्यावर हंडा, कडेवर पोर.

पांडू सवयीनं नावं पुकारत गेला आणि सवयीनंच ह्यांचं नाव पुकारून बसला.

कुणी हलेना. मामंजींनी मान खाली घातली.

मी कुंपणाबाहेरून म्हटलं, "हाय!"

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी पुटपुटलं, "बाईमानसाचा वाटा कसा?" तेव्हा हसनभाय पाठ फिरवून बिडी ओढत होते, ते तसेच न वळता म्हणाले, "पांडू, नाव तू पुकारलंस. जबाब आला. आता वाटा दे!"

तेव्हापासून दर पारधीला ह्यांचं नाव पुकारलं जायचं आणि मी "हाय!" म्हणायची. ते नाव माझ्या तोंडी कधी आलं नाही, पण त्याला जबाब मीच दिला.

* * *

मामंजींनी मात्र पुन्हा बार टाकला नाही. दर दसऱ्याला बंदूक पुजायचे, दारू ठासायचे, त्याच दगडाआड जाऊन बसायचे. डुक्कर समोरून जायचा, मामंजी नुसते बघायचे. संध्याकाळी भरलेली बंदूक घेऊन परत. पांडू म्हणायचा, "लोक म्हशी चारून आनतात, तात्या बंदूक चारून आनतात!"



पण पोटाचं काय? हसनभायचे गुडघे गेले, बंदुकीचा नेमही हलायला लागला. डुकरं माजली. शेवटी एक वर्ष असं आलं की अर्ध्याहून जास्त भात त्यांनी लोळवून टाकला, आणि शिमग्याच्या आधीच आमची कणगी रिकामी झाली. पोराला वरीची पेज घालून दिवस काढले. पुढच्या दसऱ्याला मामंजी बंदुकीला गंध लावत बसले होते, तेव्हा मी जाऊन समोर उभी राहिले.

"मामंजी, यंदा बार टाका. हे पीक गेलं तर पोराला काय घालू?"

त्यांनी वर पाहिलं. "तू सांगतंस मला?"

म्हटलं, "मीच सांगते. दुसरं कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, आणि मी पाटा मांडला.

* * *

त्या दिवशीचं हसनभायनी येऊन सांगितलं. ते दोघं त्याच दगडाआड बसले होते. हाका जवळ आला, आणि त्याच करवंदीच्या जाळीतून एक दांडगा डुक्कर बाहेर आला. एकटाच. समोर उभा. मामंजींनी बंदूक खांद्याला लावली. हात जराही हलत नव्हता, असं हसनभाय म्हणाले.

आणि मामंजींनी विचारलं, "कोण हाय? नाव सांग."

हसनभाय म्हणाले, "तात्या, डुक्कर हाय तो, मार!"

मामंजींनी परत विचारलं, "नाव सांग, बाबा."

डुक्कर तिथंच उभा राहिला. मग एकदा हुंकारला आणि खाली ओढ्याकडे चालत गेला. पळाला नाही, चालत गेला. "माझी बी बंदूक भरलेली व्हती, सूनबाय," हसनभाय म्हणाले, "पन माझा हात उचलला न्हाय."

मामंजी घरी आले, पाय धुतले, बंदूक खुंटीला अडकवली. मी विचारलं, "मामंजी, का न्हाय मारला?"

म्हणाले, "त्यानं नाव सांगितलं."

दिवस बुडायच्या वेळी शेतात भात मोडल्याचा आवाज आला. मी पडवीत पडलेला पांडूचा जुना डबा आणि काठी घेऊन धावले. बांधावर मामंजी बसले होते. समोर आमच्या पिकल्या भातात तोच डुक्कर, तोंड खाली घालून खात होता. मी डबा वाजवायला काठी उचलली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेच्या हाताला हात लावायची आमच्यात रीत नाही.

"वाजवू नको, सूनबाय," ते म्हणाले. "जेवू दे त्याला. त्या दिवशी ताट सारून गेला व्हता."