कुंकवाचा कागद

या जगात शुद्ध असं काही उरलं नाही, असं उसासे टाकून सांगणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. पण तेच आनंदानं सांगणारा आणि वर "थांबा, संध्याकाळपर्यंत दाखवतोच" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा शेजारी होता. पिंपरीला बुरशीपासून औषध काढायचा कारखाना नुकता उभा राहिला होता, भोवती ज्वारीची रानं, आणि त्या रानात कुणाच्या तरी पिशवीतून सांडल्यासारखी आमची वसाहत. प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ, वसाहतीत भिंतीला भिंत लावून शेजारी. चाळिशी ओलांडलेली, लग्न झालेलं नाही. ते का झालं नाही, यावर वसाहतीत घरटी एक मत होतं. माझं मत वासाचं. ज्या द्रावणांत ते दिवसभर वावरत त्यांचा आंबूस, उग्र वास त्यांच्या कोटात असा मुरला होता, की ते रजेवर असले तरी कोट हजर असल्याचं कळायचं.

त्यांचं काम मिश्रणातले पदार्थ ओळखायचं. गाळणकागदाची लांब पट्टी घ्यायची, खालच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेवर मिश्रणाचा टिपूस ठेवायचा आणि पट्टी बरणीत अशी टांगायची की खालची कड तेवढी द्रावणात बुडावी. द्रावण कागदातून वर चढतं, आणि चढताना टिपसातल्या पदार्थांना बोट धरून नेतं. कुणी लगेच दमून बसतं, कुणी पार माथ्यापर्यंत जातं. शेवटी निरनिराळ्या उंचीवर ठिपके उरतात. शेजारी ओळखीच्या पदार्थाचा ठिपका चढवलेला असला, की उंची ताडून कोण कुठला ते सांगायचं. ऐकायला सोपं आहे. मीही सोपं समजलो आणि पहिल्याच दिवशी रेघ फाउंटन पेनानं मारली. औषध राहिलं बाजूला, शाईच निळी, जांभळी, गुलाबी होत दिमाखात वर गेली. "वा!" ते म्हणाले, "वरातीत नवरा तेवढा दिसत नाही."

पुढच्या आठवड्यात मी शोधच लावला. कागदावर फवारा मारून तो तापवला, की प्रथिनांतले घटक जांभळे उमटतात. माझ्या कागदाच्या कडेला, कुठल्याच पुस्तकात नाहीत असे पाच टपोरे जांभळे ठिपके उमटले. मी ओरडतच त्यांच्या टेबलाशी गेलो. त्यांनी कागद पाहिला, माझा हात धरला आणि माझी पाचही बोटं एकेका ठिपक्यावर अलगद टेकवली. बरोब्बर बसली. घामातले पदार्थही जांभळेच उमटतात, हे मला ठाऊक नव्हतं. "अभिनंदन," ते म्हणाले, "तुम्ही स्वतःला शोधून काढलंत. लोकांना त्यासाठी हिमालयात जावं लागतं."

म्हणूनच ते स्वतः कुठलाही कागद फक्त कडेनं धरत. वर्तमानपत्र कडेनं, लग्नपत्रिका कडेनं. पापडही कडेनं धरून खाताना मी त्यांना पाहिलं आहे. माणसांचंही जरासं तसंच होतं. कुणाला हात लावून, खांद्यावर थाप मारून बोलणं त्यांना जमत नसे. वसाहतीतल्या एका बारशाला गेले, तेव्हा जिलबीचा तुकडा रुमालात बांधून घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सर्वांदेखत बाळाच्या बापाला सांगितलं, "तुमच्या जिलबीत केशर नाही, दोन रंग आहेत. एक तर कापडाचा." यात उपकार केल्याचीच त्यांची भावना होती. त्यानंतर वसाहतीतली आमंत्रणं त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागली. तेही मग रविवारी येता-जाता लोकांना हाका मारायचे, "या ना, चाकणच्या कांद्याचा कागद काढलाय! काय सुरेख ठिपके आलेत!" लोक हसून हात हलवायचे आणि पावलं उचलायचे. मीही उचललेली आहेत.

थांबायचे ते एकटे चिंचवडचे शेठ. चिंचवड गावात त्यांचं किराण्याचं दुकान. रविवारी सायकलला पिशव्या लटकावून वसाहतीत माल पोचवायचे आणि शेवटची पिशवी मुद्दाम आमच्या शेजाऱ्यांची ठेवायचे, म्हणजे बसता येतं. घरी प्रयोग करायला काचेच्या बरण्या त्यांनीच दिलेल्या, गोळ्या-बिस्किटांच्या. त्या बरणीपुढं दोघं मांडी घालून बसायचे. शेठ म्हणायचे, "कसं चढतंय ओ सायेब, मुंग्यांगत! ह्यो वरचा कोन?" शेजारी सांगायचे. "आन् ह्यो मागं ऱ्हायलेला?" तेही सांगायचे. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं आणि वाटायचं, आठवडाभर न बोललेलं सगळं हा माणूस या तासाभरात बोलून घेतो आहे.

अशात माझ्या बायकोच्या कपाळावर पुरळ उठलं. मग समोरच्या वहिनींच्या, मग त्यांच्या जावेच्या. बायका कुंकवाची पुडी घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या दारात एवढ्या चपला पडल्या असतील. त्यांनी पाट मांडले, पाणी विचारलं, पुडी कडेनं उचलली. "कुठून घेतलंत?"

"आणखी कुठून, भाऊजी? शेठकडून."

त्यांनी पुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

कागदावर त्यांनी तीन टिपूस ठेवले: शेठच्या कुंकवाचा, माझ्या सासूबाईंनी घरी हळदीपासून केलेल्या कुंकवाचा, आणि बाजारात पुडीत मिळतो त्या कापड रंगवायच्या लाल रंगाचा. सासूबाईंच्या कुंकवातली हळद पिवळा डाग होऊन आपल्या वाटेनं गेली. उरलेले दोन लाल ठिपके एकाच उंचीवर जाऊन बसले.

"एका कागदावरून सिद्ध होत नाही, हे तुम्हीच शिकवता," मी म्हणालो. "एका द्रावणात बरोबरीनं धावले म्हणून दोघे एक ठरत नाहीत. इथंच थांबा. नक्की सांगता येत नाही म्हणा. खोटंही नाही."

"म्हणून तर द्रावण बदलतो," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे दुसरं द्रावण पुरलं असतं. त्यांनी स्पिरिट घेतलं, मिठाचं पाणी घेतलं, मग शिरका, मग दोन द्रावणं मिसळून पाहिली. प्रत्येक वेळी बरणीपुढं बसून ते ठिपक्यांना म्हणत, "फुटा रे बाबांनो. फुटा." आपलं उत्तर चुकावं म्हणून एवढे कष्ट घेणारा रसायनतज्ज्ञ मी दुसरा पाहिला नाही. पण ते दोन ठिपके एका जुवाखालच्या बैलांसारखे दर वेळी जोडीनंच वर गेले.

बायकांना काही सांगण्याआधी ते शेठकडे निघाले. मला सोबत नेलं. बहुधा बोलताना अडखळले तर मी सावरीन म्हणून. याहून मोठी चूक त्यांनी उभ्या नोकरीत केली नसेल.

"या, या सायेब! आज आमच्या दारी? बसा, च्या सांगतो."

शेजाऱ्यांनी उभ्या उभ्याच कागद तराजूच्या पारड्यात ठेवला. "हे तुमचं कुंकू. हा कापडाचा रंग. सगळ्या तऱ्हांनी पाहिलं. एकच आहे."

शेठनी कागदाला हात लावला नाही. "पुन्याहून गोनी येती, तसं इकतो. मला काय ठावं त्यात काय हाय?"

"ते मला माहीत आहे. म्हणून तर आधी तुमच्याकडं आलो."

"आधी?" शेठ म्हणाले. "आधी बरनीकडं गेला, मंग माज्याकडं आला. माज्याच बरनीत माजा माल टांगला व्हय? नुसतं इचारलं आस्तं, तर गोनी हितं उलटी करून दावली आस्ती की!"

मी सावरायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "शेठ, मनावर घेऊ नका, ते जिलबीसुद्धा तपासतात." शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हिंगाच्या डब्याकडे बघू लागलो.

शेजारी म्हणाले, "अहो, विचारून कळत नाही. कागदावर चढवावंच लागतं."

यात कुंकवाबद्दल बोललेलं एक अक्षर चूक नव्हतं. पण चहा काही आला नाही.

शेठ खरे माणूस. ते कुंकू त्यांनी परसातल्या खड्ड्यात पुरलं, दुसऱ्या ठिकाणचं चांगलं आणलं, आणि बायकांची कपाळं बरी झाली. वसाहतीतला मालही पूर्वीसारखा येऊ लागला. फक्त रविवारी सायकल आमच्या ओळीला आली, की माझ्या दारापाशीच परत वळायची. शेजारी पायरीवर बसलेले असायचे. शेठच्या पिशव्यांकडे त्यांनी मान वर करून पाहिलं, असं मात्र मला एकदाही दिसलं नाही.

एका रविवारी ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, कुंकू आता कसं आहे?"

"छान आहे की, भाऊजी. त्यांच्याकडचंच."

"मग सांगा त्यांना तसं. छान आहे म्हणून."

"तुम्हीच जाऊन सांगा ना. पावशेर साखर घ्यायच्या निमित्तानं जा. इतक्या दिवसांची ओळख, राग थोडाच राहणार आहे?"

"मी जाईन हो," ते म्हणाले. "पण मी साखर घेतली, तर त्यांना वाटेल, तपासायला नेतोय."

आणि एवढं बोलून ते उठले, कोट चढवला, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि स्टेशनाकडे निघाले. पायी जाण्याच्या अंतरावर चिंचवड असताना तो माणूस आगगाडीनं खडकीला जाऊन मीठ-साखर आणायचा; तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.