ताकदीच्या गोळ्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज लिहायला बसलो, तर दोनदा उठून अंगणात फेरी मारून आलो — बूड टेकत नाही.

मी अकोल्यात औषधांचं दुकान चालवायचो आणि एका पेपरात आरोग्याचं सदर लिहायचो. दर आठवड्याला एक आजार, सोपा करून. सोपा झाला की नाही, हे कोण ठरवायचं? माझी धाकटी बहीण शालू. लेख आधी तिला वाचून दाखवायचा, शेवटी विचारायचं — समजलं? ती हो म्हणाली की पेपरात द्यायचा. कावीळ, रक्तदाब, सगळं तिच्याच कानावरून गेलं.

एक लेख मात्र तिला वाचून दाखवला नाही. मिरगीचा.

कारण मिरगी शालूलाच होती. झटके झोपेत यायचे. सकाळी तिला काही आठवत नसे — जीभ चावलेली, अंग ठणकतंय, एवढंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. मी त्या वेष्टनातून काढून कागदाच्या पुडीत बांधल्या आणि तिला म्हणालो, ताकदीच्या आहेत. तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

कापसाने सगळ्यांनाच दगा दिला होता, गावोगाव मुलींची लग्नं खोळंबलेली. अशात अकोटचं स्थळ आलं. काही नको, म्हणाले, पोरगी धडधाकट पाहिजे. मी मान डोलावली. शालूला माहीत असतं तर तिने सांगून टाकलं असतं. खोटं तिला जमायचंच नाही. मला छान जमलं.

आणि तिच्या हळदीच्या गडबडीत माझा लेख छापून आला — मिरगी लपवू नका, चप्पल हुंगवू नका, रोग्याला कुशीवर वळवा, गोळी थांबवू नका. लोकांनी पाठ थोपटली. मी फुगलो होतो, हो, खरंच फुगलो होतो.

पुढे अकोटहून तिचा फोन आला. "भाऊ, मले आता मस्त ताकद आली. गोया बंद केल्या म्या."

तेव्हा तरी बोलावं की नाही? "घेत जा वं," एवढंच पुटपुटलो.

भाकरी थापताना तिला झटका आला. डावा हात चुलीत गेला. बोटं आखडली, ती अजून सरळ झालेली नाहीत. दवाखान्यात तिला आजाराचं नाव पहिल्यांदा कळलं. सासरचे म्हणाले, पोरीनं मिरगी लपोली, आमाले फसोलं. तिने ते खोडलं नाही. मी शेजारीच उभा होतो — मीही नाही. ते आजही तसंच म्हणतात.

सगळे बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "तो मिरगीचा लेख वाचून दाखव."

तोंडपाठ होता. म्हणून दाखवला, शेवटपर्यंत. सवयीने तोंडातून निघून गेलं — समजलं?

"समजलं, भाऊ," ती म्हणाली. "किती सोपं लिवलं तुनं."