उधाणाच्या आधी

तेरेखोलच्या खाडीअलीकडे आमचा गाव, पलीकडे फिरंग्यांच्या ताब्यातला गोवा. पंचावन्न सालच्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रही हद्द ओलांडून गेले, तिकडे गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी उठली, की फिरंगी होड्यांतून इकडे उतरणार. दुपारपर्यंत गाव रिकामा झाला.

सोनूबाई दिराच्या, भिकाजीच्या, माणसांबरोबर मळगावला नातेवाइकांकडे पोचली. नवरा मुंबईला गिरणीत, मूलबाळ नाही. खाडीच्या बांधाचं दार सासऱ्यांमागे तीच सांभाळायची. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी सोडायचं, भरतीआधी त्या परत बसवायच्या. त्या सकाळी तिने फळ्या काढल्या आणि तेवढ्यात पळापळ सुरू झाली.

त्यांनी वाढलेली पेज तिने तशीच ठेवली. सारखी अंगणात जाई, परत येई. उद्या अमावास्या. उधाणाचं खारं पाणी उघड्या दारातून शिरलं की साऱ्या गावाची लावणी गेली.

"वैनी, जीव रवलो तर शेत पुढल्या वर्सा करूक येता," भिकाजी म्हणाला.

"फळ्यो मीच काढलंय. माका हंय बसवत नाय."

उजाडताच ती एकटी निघाली.

गावात दारांना कड्या, अंगणात सुटलेली गुरं. कुणाच्या तरी पडवीत भाताचा टोप तसाच, त्यावर कावळे. स्वतःच्या पावलांचा आवाजही तिला नकोसा झाला. बांधावर होडीवाला मुसा भेटला. तो गेलाच नव्हता.

"गे सोनूबाय, तू परत कित्याक इलंस?"

"दार उघडा आसा, मुसाभाय. हात लाव."

पाणी चढायला लागलं होतं. दोन फळ्या रात्रीच्या भरतीने वाहून गेल्या होत्या. मुसाने होडीच्या तळाच्या फळ्या उचकटून आणल्या. सोनूबाई कमरभर पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर एक शिपाई बंदूक घेऊन उभा होता. तिने एकदा पाहिलं, मग पाठ फिरवली. पाठीची कातडी मात्र आवळून आली होती. मुसा फळी दाबून धरी, ती फटींत चिखल आणि पेंढा कोंबी. शिपायाने गोळी झाडली नाही. का, ते कुणालाच कळलं नाही.

दार टिकलं. पण रात्रीचं पाणी आधीच आत येऊन गेलं होतं. खालच्या अंगाची शेतं पिवळी पडली, त्यात सोनूबाईचंही होतं. वरची सगळी वाचली.

फिरंगी आले नाहीत. आठवड्याभरात माणसं एकेक करून परतली. भिकाजी बांधावरून जळालेल्या रोपांकडे बघत राहिला.

"एकट्यान कशाक गेलंस?" तो चिडून म्हणाला. "माका उठवचा होता."

"तू इलो नसतंस."

तो धोतर खोचून चिखलात उतरला आणि बांधाला मातीची ढेकळं लावायला लागला. त्या दिवाळीला त्याने आपल्या भातातलं अर्धं तिच्या पडवीत आणून ओतलं. तिने ते घेतलं, आणि त्यातलं पायलीभर मुसाच्या घरी पाठवलं.

गोवा सुटेपर्यंत तिला नीट झोप लागली नाही. पलीकडे फटाका वाजला तरी ती उठून बांधाकडे चालू लागायची.