नष्ट करायच्या कागदांची यादी

रेकॉर्डकाकांनी चौतीस वर्षं कचेरीतलं रेकॉर्ड सांभाळलं आणि त्यांच्या हातून एक चिठोरंसुद्धा हरवलं नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि समोरचा जांभई देईपर्यंत सांगत. निवृत्त झाल्यावर कचेरी सुटली, सवय सुटेना. मग त्यांनी घराचंच रेकॉर्ड करायला घेतलं. दोन वर्षं खपून घरातला कागदन् कागद स्कॅन केला, एका हार्ड डिस्कमध्ये भरला आणि काकूंच्या हट्टापायी मूळ कागद रद्दीत घातले. काकूंना कपाट मिळालं, काकांना खिशात मावणारी कचेरी मिळाली.

आता ती कचेरी उघडत नव्हती.

डिस्क जोडली की दिवा लागे, आत गुरगुर होई आणि पडद्यावर प्रश्न येई: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

"म्हणजे उघडायची असेल तर पुसायची?" काकांनी पुतणीला विचारलं. पुतणीला कॉम्प्युटरमधलं कळत असे. तिनेच डिस्क घेऊन दुरुस्तीची दोन दुकानं पालथी घातली होती, आणि दोन्हीकडच्यांनी हात टेकले होते.

"हो काका. आतलं आता परत येत नाही. पुसली तर निदान डिस्क तरी कामाला येईल."

"आणि पुसल्यावर उघडून बघायचं काय?"

"काही नाही. रिकामी असेल."

"मग उघडायची कशाला?"

पुतणीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं.

"काका, दुसरी प्रत नाही ठेवली?"

"प्रतींनी घोळ होतो. अस्सल एकच असतं."

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. "जन्मभर लोकांकडे तीन-तीन प्रती मागणारा माणूस हा!"

काकांचा खरा पेच वेगळाच होता. यादी केल्याशिवाय कागद नष्ट करायचा नाही, हा त्यांचा नियम. यादी करायची तर डिस्क उघडायला हवी, उघडायची तर पुसायला हवी आणि पुसायची तर आधी यादी हवी. सकाळपासून ते या घाण्याभोवती फिरत होते. चहा दोनदा निवला. शेवटी काकूंनी कोरा ताव त्यांच्यापुढे आपटला.

"तोंडपाठ आहे ना सगळं? मग लिहा!"

काकांनी पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, तपशील, संख्या, शेरा. विजेची बिलं, दाखले, पंख्याचं हमीपत्र (पंखा कधीच मोडीत गेलेला), असं करत सदतीसपर्यंत गाडी भरधाव गेली. अडतिसाव्याला पेन थांबलं.

"पत्रं. एकवीस. माझी बदली झाली होती तेव्हाची."

"माझी पत्रं?" काकू खुर्चीच्या कडेला टेकल्या. "ती ठेवली होतीत तुम्ही?"

"ठेवणार नाही तर काय? आवक क्रमांक घालून! सातव्यात तू लिहिलंस, तुमच्यावाचून घर खायला उठतं."

"मी? छे! सातव्यात मी लिहिलं होतं, नळ गळतोय, प्लंबर फिरकत नाही, रजा काढून या."

"अगं, रेकॉर्डला आहे!"

"कुठाय रेकॉर्ड?"

काकांनी डिस्ककडे बोट दाखवलं. डिस्क गुरगुरली.

आयुष्यात पहिल्यांदाच काकांकडे समोर टाकायला कागद नव्हता. ते वाक्य आपण खरंच वाचलं होतं, की परगावच्या त्या खोलीत एकट्याने जेवताना आपणच ते पत्रात घातलं? त्यांना काही सुधरेना. पुतणीसमोर कबूल करणंही बरं दिसेना. त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'मजकुराबाबत मतभेद', आणि तारखेचा शिक्का आणायला ते आत गेले.

बाहेर येऊन त्यांनी शिक्का मारला आणि डोळे मिटून 'होय' दाबलं. दोन वर्षांचं काम दहा सेकंदांत पुसलं गेलं. डिस्क निमूटपणे उघडली. पडदा म्हणाला, हे फोल्डर रिकामं आहे.

"आता पहिला कागद हाच," म्हणत काका यादी स्कॅनरवर ठेवणार, तोच थबकले. अडतिसाव्या ओळीतला 'मतभेद' खोडलेला होता. शेजारी काकूंच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, 'दोन्ही होतं.'

"दोन्ही म्हणजे? आधी नळ की आधी घर?"

"ते आता कुठे बघणार?" काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

काकांनी पेन पुढे केलं.

"खाडाखोड केलीस, तिथे सही कर."

काकूंनी सही केली. "आणि या वेळी दोन प्रती काढा."

काकांनी तीन काढल्या.