हातात अडकलेली जेडची बांगडी, दोन किल्ले आणि औशाची कासारीण

नांदेडहून सकाळी साडेसातला निघालं की लोहा, अहमदपूर करत आम्ही अकराच्या सुमारास लातूरला पोचतो. या वेळी संध्याकाळचे साडेसहा वाजले. मध्ये दोन किल्ले पाहिले. किल्ल्यांचं वेड यांना आहे, मला नाही. तरी त्यातला दुसरा किल्ला मी स्वतः हट्ट करून पाहिला.

झालं असं, की सिंगापूरच्या माझ्या नणंदेनं आमच्या पुतणीच्या लग्नासाठी जेडची बांगडी आणली होती. पुतणी म्हणजे लातूरच्या थोरल्या जाऊबाईंची प्राजक्ता. एका दगडातून कोरलेली, हिरवीगार बांगडी, कुठे सांधा नाही की फिरकी नाही. नणंदेला लातूरला जायला वेळ उरला नाही, म्हणून ती बांगडी माझ्या हवाली करून परत गेली आणि विमानतळावरून आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. आपटायची नाही. गरम पाणी, साबण, सोडा, अत्तर काही लावायचं नाही. हिऱ्याबरोबर एका डबीत ठेवायची नाही, ओरखडे पडतात. ही अट मी अगदी सहज पाळली. रिठ्यात उकळायची नाही, हे तिनं दोनदा बजावलं, कारण तीही आमच्याच घरची लेक. आमच्याकडे मंगळसूत्रापासून पैठणीपर्यंत सगळ्याला रिठा. मऊ ओल्या फडक्यानं पुसली की झालं. आणि शेवटी म्हणाली, "अंगावर असली ना वहिनी, की तिला चमक येते."

हे शेवटचं वाक्य मी फार मन लावून ऐकलं.

विष्णुपुरीच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. नाजूक वस्तू कशी न्यावी हे मला कुणी शिकवायला नको. डिकीत बॅग आपटणार, पर्स कुठेतरी राहणार, तेव्हा सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे हात, असं मी यांना पटवलं. खरं सांगायचं तर ती मला भयंकर आवडली होती आणि एक दिवस तरी घालायची होती. शास्त्राचा त्यात काही संबंध नव्हता.

लोह्याला चहा घेताना सहज काढून बघितली. अंगठ्याच्या बुडाशी येऊन ठप्प. फेब्रुवारीचं ऊन, हात सुजलेला. मला दरदरून घाम फुटला, त्यानं हात आणखी फुगला असावा.

आता जाऊबाईंबद्दल सांगते. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या हळदीकुंकवाला मी चुकून त्यांच्याच रंगाची साडी नेसून गेले होते. ते त्या अजून सांगतात, साडीच्या काठासकट. आणि आम्ही पोचणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी प्राजक्ताचा चुडा भरायचा होता. नव्या नवरीची कोरी वस्तू काकूनं आधी घालून बघितली, हे भरल्या मांडवात ऐकायची माझी तयारी नव्हती.

हे म्हणाले, "कंधारला वळू. तू थंड हो, मी किल्ला बघतो." लोह्यापासून फाटा आहे, रस्ता बरा आहे. किल्ल्याच्या खंदकात पाणी आहे, आत सावली आहे, शनिवारी गर्दीही नव्हती. पाणी आणि टोपी मात्र घेऊन जा. मी तासभर हात वर करून फिरले. एका शाळेच्या सहलीतल्या मुलींना वाटलं मी गाईड आहे, आणि त्या माझ्या मागे मागे आल्या.

किल्ल्याबाहेरच्या चहावालीनं माझी दशा पाहून भांड्याचा साबण पुढे केला.

"साबण चालत नाही हो तिला."

"मंग गरम पाणी देऊ का?"

"तेही चालत नाही."

"लईच नखरे हायेत बाई तुमच्या बांगडीचे," ती म्हणाली, आणि चहात साखर जास्त घातली.

अहमदपूरला जेवलो. तुम्ही या बाजूला आलात तर निलंगा राईस खाच, सोबत ठेचा मागून घ्या. मी मात्र ताटातली वाफ बांगडीला लागू नये म्हणून डावा हात पाठीमागे धरून जेवले. वाढप्यानं यांना हळूच विचारलं, "मॅडमच्या हाताला काय झालंय?"

लातूर जवळ आलं तशी मी म्हटलं, "अहो, औशाचा किल्ला राहिलाय ना तुमचा?"

हे इतके खूश झाले की मला अपराधी वाटलं. लातूर ओलांडून अर्ध्या तासात औसा. किल्ला सपाटीवर आहे, अगदी जवळ जाईपर्यंत डोळ्यांत भरत नाही. हे तोफा बघायला गेले आणि मी बाजारात बांगड्यांचं दुकान शोधलं. साठीची कासारीण गल्ल्यावर पाय दुमडून बसली होती.

"काचेची असती तर आत्ता वाढवली असती," ती म्हणाली. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, हे मला ठाऊक होतं, तरी मी हात मागे ओढला. "भिऊ नका. ही काच न्हाई, दगड हाय. दमानं घेऊ."

तिनं माझा हात माठाच्या गार पाण्यात बुडवला, मग पाच मिनिटं वर धरायला लावला. पुसून त्यावर पातळ कॅरीबॅग चढवली, तिची कड बांगडीखालून ओढून घेतली. अंगठा तळव्यात दाबला. "घरी किती माणसं?" तिनं विचारलं. मी मोजायला लागले आणि बांगडी तिच्या हातात होती. ना तेल, ना साबण. मला रडूच आलं.

काढायचे पैसे तिनं घेतले नाहीत. पण सवाष्णीचा हात रिकामा ठेवून पाठवत न्हाई म्हणाली, आणि डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या. त्यांचे घेतले.

साडेसहाला मी डबी जाऊबाईंच्या हातात दिली. त्यांनी बांगडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दमली असशील, हात-पाय धू." चुडा झाला, लग्न झालं, प्राजक्ताच्या हातात बांगडी सुरेख दिसली. साडीचा विषयही या वेळी निघाला नाही.

घरी येऊन आठवडा झाला. दोन किल्ले झाले, खर्च फार नाही, पेट्रोल आणि जेवण. रस्ता एकूण चांगला. असं सगळं मी लिहायला बसले होते, तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"मीना, प्राजूनं बांगडी माझ्याकडं ठेवायला दिली होती. फिरायला गेलेत ना दोघं. उद्या येणार."

"बरं मग?"

"त्या दिवशी तुझ्या मनगटावर लाल वळ होता. मी बोलले न्हाई. कुठं काढलीस गं?"

मी औशाचा पत्ता दिला, दुकानाची खूण सांगितली. साबण, गरम पाणी काही लावू नका म्हटलं. आणि राहवेना म्हणून विचारलं, "ताई, हातात कशी दिसते?"

"लई छान दिसते गं," जाऊबाई म्हणाल्या.